मोटरसायकलला नंतर क्रूझ कंट्रोल बसवायचा असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून बेंगळुरू, नागपूरहून हैदराबाद असे पल्ले गाडीवर मारणाऱ्यांच्या गप्पा दुसऱ्या चहापर्यंत उजव्या मनगटावर येतात. तिथून क्रूझ कंट्रोलचा, म्हणजे मूठ न धरताही ठरवलेला वेग राखणाऱ्या यंत्राचा, विषय निघतो आणि मग प्रश्नांची रांग लागते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कंपनीतूनच क्रूझ कंट्रोल आलेल्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही.

लांबच्या प्रवासात उजव्या हाताला मुंग्या येतात. क्रूझ कंट्रोल बसवला की थांबतील का?

कमी होतील, पण पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, ब्रेकच्या लिव्हरचा कोन. लिव्हर फार वर बसवलेला असला तर मनगट तासन् तास मागे मुडपलेलं राहतं. बसल्यावर कोपरापासून पुढचा हात, मनगट आणि बोटं एका रेषेत आली पाहिजेत. दुसरी, थ्रॉटलची, म्हणजे उजवी मूठ फिरवून रेस देण्याची, केबल. आतून गंजलेली किंवा हँडलखाली मुडपलेली केबल जड चालते, आणि तो जडपणा दिवसभर तुमचा हात ओढत असतो. नवी केबल काहीशे रुपयांत येते. तिसरी, पकड. भीतीने असो वा सवयीने, पुष्कळ जण मूठ आवळून धरतात, आणि मग इंजिनाची सगळी थरथर हाडात उतरते. जरा जाड रबराची मूठ आणि हँडलच्या टोकाला जड वजनं लावली तर सिंगल सिलिंडर गाडीतही फरक पडतो.

एवढं करूनही दुखत असेल तर पुढे वाचा.

थ्रॉटल लॉक आणि क्रूझ कंट्रोल एकच ना?

नाही, आणि दुकानदार हे मुद्दाम सांगत नाहीत. लॉक थ्रॉटलचा कोन धरतो, क्रूझ कंट्रोल वेग धरतो. सपाट रस्त्यावर दोन्हींत फरक जाणवणार नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर ८० ला लॉक लावा आणि समोर उड्डाणपूल येऊ द्या. चढावर गाडी सत्तरीकडे घसरेल, उतारावर नव्वदीकडे पळेल, कारण मूठ जिथे होती तिथेच आहे. क्रूझ कंट्रोल चढावर स्वतः रेस वाढवतो आणि उतारावर कमी करतो.

बाजारात मिळणाऱ्या वस्तू ढोबळमानाने तीन तऱ्हांच्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे मुठीवर अडकवायची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर तळवा टेकवून रेस धरता येते, बोटं मोकळी राहतात. ती काहीच लॉक करत नाही. हात उचलला की रेस बंद. दुसरा घर्षणावर चालणारा लॉक. अमेरिकेतला अॅटलास किंवा दक्षिण आफ्रिकेतला काओको ही या जातीतली ओळखीची नावं. अॅटलास मूठ आणि स्विचच्या डबीमधल्या फटीत बसतो आणि बटण दाबलं की मुठीला दाब देऊन धरतो. काओको हँडलच्या टोकाला फिरवून आवळायचा असतो. तिसरा खरा इलेक्ट्रॉनिक क्रूझ कंट्रोल. त्यात वेगाचा सिग्नल घेणारी डबी असते आणि ती थ्रॉटल हलवते किंवा थ्रॉटलचा सिग्नल बदलते.

मग घ्यायचं कोणतं?

किटची जाहिरात बघताना सगळे विचारतात, वेग किती नेमका धरतो? माझ्या मते तो दुय्यम प्रश्न आहे. ताशी दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पहिला प्रश्न हा हवा: हे यंत्र कशाकशाने सुटतं? पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच, मूठ उलटी फिरवणं, बटण, वायर तुटणं, फ्यूज जाणं. यातल्या प्रत्येक प्रसंगी थ्रॉटल बंद होतो की नाही, हे विक्रेत्याला एकेक करून विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर त्या किटवर वेळ घालवू नका.

या कसोटीवर प्लास्टिकची पट्टी जवळजवळ निर्धोक ठरते, फक्त एक गोष्ट सोडून: गर्दीत किंवा यू-टर्न घेताना तळवा नकळत तिच्यावर दाबला जातो आणि गाडी उसळते. शहरात शिरण्याआधी ती फिरवून वर करून ठेवायची. घर्षणाचा लॉक नीट बसवलेला असेल तर हाताने मूठ कधीही मागेपुढे करता येते, म्हणून तोही चालतो. पण ब्रेक दाबला म्हणून तो आपोआप सुटत नाही, हे कायम लक्षात ठेवायला हवं. इलेक्ट्रॉनिक किट चांगलं असेल तर सुटण्याच्या बाबतीत सगळ्यांत उत्तम आणि वाईट बसवलेलं असेल तर सगळ्यांत धोकादायक.

चारशे-पाचशे सीसीची केबलवाली गाडी, वर्षातून दोन-तीन मोठ्या सफरी, असा हिशेब असेल तर घर्षणाचा चांगला लॉक पुरतो. त्याहून जास्त खर्च मला पटत नाही.

घर्षणाचा लॉक नीट बसलाय हे कसं ओळखायचं?

गाडी बंद, मेन स्टँडवर किंवा कुणीतरी धरलेली. मूठ पाव फिरवा, लॉक लावा, हात सोडा. मूठ जागेवर राहिली पाहिजे. आता दोन बोटांनी ती पुढे ढकलून बंद करा. हे सहज झालं पाहिजे. पूर्ण पंज्याचा जोर लावावा लागत असेल तर लॉक जास्त आवळलाय. मग लॉक सोडा, मूठ पूर्ण उघडा आणि सोडून द्या. ती ‘टक’ आवाज करून बंद झाली पाहिजे. रेंगाळली तर लॉकचा एखादा भाग कुठेतरी घासतोय. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करा, कारण ब्रेकचा लिव्हर किंवा हँडगार्ड एका बाजूलाच अडतो असं पुष्कळदा होतं. गरम होणाऱ्या मुठी बसवल्या असतील तर त्यांच्या वायरीचीही अडचण होते.

माझी गाडी केबलची की राइड-बाय-वायरची, कसं कळणार?

उजव्या मुठीपासून निघणारी जोडणी बघा. एक किंवा दोन काळ्या नळ्या टाकीखाली जात असतील आणि मूठ फिरवताना इंजिनाजवळची चकती फिरत असेल तर केबल. नुसती वायर आणि कपलर (वायरी जोडायचा प्लग) असेल तर राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी विजेच्या सिग्नलवर चालणारा थ्रॉटल. हिमालयन ४११ केबलची, हिमालयन ४५० राइड-बाय-वायरची. इंटरसेप्टर ६५० केबलची. डॉमिनार ४०० पूर्वी केबलची होती, २०२५ च्या मॉडेलात राइड-बाय-वायर आलं. व्हर्सिस ६५० आणि व्ही-स्ट्रॉम ६५० या टूरिंगवाल्यांच्या लाडक्या गाड्याही केबलच्याच. व्ही-स्ट्रॉम ८०० डीईला राइड-बाय-वायर आहे, तरी कंपनीने क्रूझ कंट्रोल दिलेला नाही, आणि त्यावरून मालकांची कुरकुर चालूच असते. ती रास्तही आहे. दुसरीकडे हिरोने २०२५ मध्ये ग्लॅमर एक्स या १२५ सीसीच्या गाडीला क्रूझ कंट्रोल दिला. राइड-बाय-वायर आलं की हे बहुतांशी सॉफ्टवेअर आणि बटणाचं काम उरतं.

केबलच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक क्रूझ कंट्रोल बसतो कसा?

थ्रॉटलच्या चकतीला दोन मालक लागतात: एक तुमचा हात, दुसरी किटची मोटर. चांगल्या किटमध्ये, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातल्या एमसीक्रूझच्या, केबलच्या मध्ये एक जोडडबी येते. हात आणि मोटर, ज्याने जास्त ओढलं त्याचं चकती ऐकते. म्हणून क्रूझ चालू असतानाही ओव्हरटेकसाठी तुम्ही जास्त रेस देऊ शकता. सोडली की गाडी ठरवलेल्या वेगावर परत येते.

घरगुती जुगाडात ही डबी नसते. मोटरपासून निघालेली मण्यांची बारीक साखळी थेट चकतीला अडकवलेली असते. चालतं ते, पण साखळीत थोडी ढील ठेवावी लागते आणि ओढ चकतीच्या सरळ रेषेत यावी लागते. तिरकी ओढ बसली की साखळी चकतीच्या कडेवर चढते. थ्रॉटल अडकण्याचं ते सगळ्यात वाईट कारण, कारण वायर कापली तरी ते सुटत नाही.

जुन्या किटमध्ये व्हॅक्यूम लागतो म्हणतात. म्हणजे काय?

ऑडिओव्हॉक्स सीसीएस-१०० नावाचं चारचाकींसाठीचं एक किट जगभर मोटरसायकलींवर चढवलं गेलं. ते आता बंद झालंय, पण जुने सुटे अजून फिरतात. त्यात इलेक्ट्रिक मोटर नाही. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेकमध्ये जी पोकळी तयार होते, तिच्या जोरावर रबराचा पडदा खेचला जातो आणि तो थ्रॉटल ओढतो.

अडचण अशी की चढावर थ्रॉटल जास्त उघडला की ही पोकळी कमी होते, म्हणजे गरज असते तेव्हाच ताकद जाते. त्यावर उपाय म्हणून एक बंद डबा लावतात. पुष्कळ जण दोन्ही टोकांना टोप्या चिकटवून पीव्हीसी पाइपचाच डबा करतात. मध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह लावला की डब्यात पोकळी साठून राहते. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही पोर्टांवरून नळ्या घेऊन प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह देतात, नाहीतर दोन्ही सिलिंडरची हवा एकमेकांत मिसळून आयडलिंग बिघडतं.

या जुन्या पद्धतीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. नळी निसटली की पडदा सैल पडतो आणि थ्रॉटल मिटतो. बिघाड झाला की आपोआप सुटतं. फाटक्या नळीतून जास्तीची हवा शिरून इंजिन लीन चालेल, पण गाडी पळत सुटणार नाही.

राइड-बाय-वायरला काय करतात?

इथे किटमध्ये हलणारं काहीच नसतं. मुठीतला सेन्सर इसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज पाठवतो. किटची डबी त्या कपलरच्या मध्ये बसते आणि क्रूझ चालू असताना सेन्सरच्या जागी स्वतःचं व्होल्टेज पाठवते. मुठीत सहसा दोन सिग्नल असतात, एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात. दोघांचा मेळ जुळला नाही तर इसीयू काहीतरी बिघडलंय असं समजून गाडीची ताकद कापतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. स्वस्त डबी नेमकी इथे मार खाते: दोन्ही सिग्नल एकाच क्षणी आणि अचूक प्रमाणात बदलणं तिला जमत नाही, आणि भर रस्त्यात गाडी रांगायला लागते.

म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं, मूळच्या कपलरमध्ये बसणारं किट घ्या. सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेलं राइड-बाय-वायर किट मी घेणार नाही. कपलर बसवताना आत डायलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि डबी टाकीखाली अशा जागी ठेवा जिथे प्रेशर वॉशरचं पाणी थेट पोचत नाही. सर्व्हिस सेंटरवरचा धुलाईवाला कुठे नळी धरेल याचा नेम नसतो.

वेगाचा सिग्नल कुठून घ्यायचा? एबीएसच्या सेन्सरमधून घेतला तर?

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, वायरीला हात लावू नका. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, आणि या गाड्यांत चाकाचा सेन्सर थेट एबीएसच्या युनिटला जोडलेला असतो. त्या बारीक सिग्नलवर आणखी एक डबी लटकवली तर एबीएस स्वतःला बंद करून दिवा लावू शकतो. वेग धरण्यासाठी ब्रेकची सुरक्षा घालवणं हा उलटा सौदा आहे.

दोन मार्ग उरतात. किटला गाडीच्या कॅन वायरिंगमधून (ज्यावरून गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिटं एकमेकांशी बोलतात) वेग नुसता वाचता येत असेल तर तो सगळ्यात स्वच्छ. नाहीतर स्वतंत्र सेन्सर: मागच्या स्प्रॉकेटच्या किंवा डिस्कच्या बोल्टना चुंबक लावायचे आणि स्विंगआर्मवर त्यांच्यासमोर सेन्सर बसवायचा. फट दोन-तीन मिलिमीटरची, आणि चेनचा ताण बदलला तरी ती बदलता कामा नये. चुंबक नुसता चिकटवून ठेवू नका. चेनचं तेल आणि चिखल मिळून गोंद सोडवतात.

मीटरवरचा आकडा आणि किटचा हिशेब यांचा संबंध नसतो. किट सेकंदाला येणारे ठोके मोजतं. मीटर मात्र खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतं. एकदा जीपीएसवर तपासून मीटरच्या कितीला खरे ८० असतात ते बघून ठेवा.

ब्रेकची वायर जोडली, तरी क्रूझ सेटच होत नाही. का?

नव्याने बसवणाऱ्यांच्या तक्रारींत ही सगळ्यात वर आहे, आणि बहुतेक वेळा कारण असतं एलईडी टेललाइट.

जुनी किटं बल्ब गृहीत धरून बनवलेली आहेत. ब्रेक दाबलेला नसतो तेव्हा ब्रेकची वायर बल्बच्या तारेतून अर्थला लागलेली असते. किटला ती अर्थ दिसते आणि त्याला कळतं, सगळं ठीक आहे, सेट करायला हरकत नाही. ब्रेक दाबला की त्याच वायरवर १२ व्होल्ट येतात आणि किट सुटतं. एलईडी दिव्यातून अशी अर्थ मिळत नाही. किटला वाटतं वायर तुटलीय, म्हणून ते सेट व्हायलाच नकार देतं. हा नकार योग्यच आहे.

आता खरी गोम. काही वायरमन ही वायर सरळ चासीला अर्थ करून टाकतात. क्रूझ लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश, पैसे घेऊन मोकळे. पण आता ब्रेक दाबल्याची खबर किटला कधीच मिळणार नाही. तुम्ही ब्रेक मारणार आणि मोटर रेस देत राहणार.

बरोबर उपाय पाच पिनांचा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच. ३० नंबरच्या पिनला किटची ब्रेकची वायर, ८७ए ला अर्थ, ८७ ला फ्यूजमधून आलेले १२ व्होल्ट. ८५ आणि ८६ मध्ये एकीकडे ब्रेकलाइटची वायर, दुसरीकडे अर्थ. ब्रेक नसताना रिले किटला अर्थ दाखवतो, ब्रेक लागला की १२ व्होल्ट. रिले आणि सॉकेट मिळून खर्च फार नाही. जोड पिळून त्यावर काळी टेप गुंडाळू देऊ नका. सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह लावायला सांगा.

बसवून झालं की दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा. पुढचा लिव्हर नुसता हलला, पॅड अजून डिस्कला टेकले नाहीत, तेवढ्यात ब्रेकलाइट लागला पाहिजे. मागच्या पॅडलचा स्विच स्प्रिंगवर असतो. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या गाडीत तो गंजून अडकतो. दिवा उशिरा लागत असेल तर क्रूझही तेवढाच उशिरा सुटणार.

क्लचची वायर जोडली नाही तर चालेल का? ब्रेक आहेच की.

चालणार नाही. क्रूझ चालू असताना क्लच ओढला की इंजिनावरचा भार एकदम जातो आणि आरपीएम लाल रेषेकडे पळतात. तेवढ्यात वेगही घसरायला लागतो, म्हणून किट आणखी रेस देतं. घाबरून क्लच सोडला तर गाडी झेप घेते. काही किटं आरपीएमची वायर वाचून अशी अचानक वाढ ओळखतात आणि सुटतात. तो दुसरा संरक्षक समजा, पहिला नव्हे. आजच्या बहुतेक गाड्यांना स्टार्टरसाठी क्लचखाली स्विच असतोच. त्याचाच सिग्नल घ्या.

सिंगल सिलिंडरवर गाडी हिंदकळते. किट खराब आहे का?

बहुधा नाही. आधी चेन बघा. चेन सैल असली की किटने जरा रेस कमी केली तरी चेन ढिली पडते, वाढवली की ताणते आणि झटका बसतो. तो झटका वेगाच्या सिग्नलमध्ये उतरतो, किट पुन्हा दुरुस्ती करतं, आणि हे चक्र थांबतच नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला चेन आवळा. मग केबलची ढील. मुठीवर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तरीही हिंदकळली तर किटची संवेदनशीलता एक पायरी कमी करा, आणि टॉप गिअरमध्ये आरपीएम फार खाली असताना क्रूझ लावू नका. सिंगलला ५५-६० वर टॉप गिअरमध्ये मुळातच गुळगुळीत चालायला आवडत नाही. बरीच जुनी किटं ताशी ५० च्या आसपासच्या वेगाखाली सेटही होत नाहीत.

पहिली चाचणी कुठे आणि कशी घ्यावी?

रहदारी नसलेला, सरळ, कोरडा, दुभाजक असलेला रस्ता. एकटे जा, मागे कुणी बसवू नका. आधी ६० ला सेट करा आणि लगेच सोडा: एकदा पुढच्या ब्रेकने, एकदा मागच्या, एकदा क्लचने, एकदा मूठ उलटी फिरवून, एकदा बटणाने. प्रत्येक वेळी सुटलं तरच पुढे. मग आधीच्या वेगावर परत नेणारं ‘रिझ्यूम’ बटण दाबून बघा. गाडी किती जोरात वेग पकडते याचा अंदाज आधी आलेला बरा. शेवटी क्रूझ चालू असताना उजव्या अंगठ्याने इंजिन बंद करणारा लाल किल स्विच शोधायचा सराव करा. फक्त शोधायचा, नजर खाली न नेता.

यात कायद्याचं काही येतं का?

येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोर लावलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मुठीवरची पट्टी किंवा काढता येणारा लॉक या कचाट्यात येईल असं मला वाटत नाही. वायरिंग कापून बसवलेल्या किटबद्दल मात्र इतक्या खात्रीने बोलू नये.

त्याहून जवळचा त्रास विमा आणि वॉरंटीचा. मूळ हार्नेस कापलेला दिसला की इलेक्ट्रिकल तक्रारीची वॉरंटी गेलीच समजा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. आग किंवा अपघाताच्या दाव्यात सर्वेअर सगळ्यात आधी बाहेरून ओढलेल्या वायरी शोधतो.

एवढं सगळं करून आपल्याकडे वापरायचा कुठे?

हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे, जिथे क्रूझ कंट्रोलचं सार्थक झालं असतं तिथे दुचाकीला बंदी. उरले राष्ट्रीय महामार्ग, आणि चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८०. म्हणजे आपला क्रूझ साठ ते ऐंशीच्या पट्ट्यातला. त्यापुढच्या वेगाची स्वप्नं किटच्या जाहिरातीतच बरी.

पट्टा लहान असला तरी उपयोग आहे. भिगवणपासून पुढे मोहोळकडे जाताना, सोलापूर-विजापूर, नागपूरकडून हैदराबादकडे उतरताना मोकळे, सरळ तुकडे मिळतात. तिथे दहा-पंधरा मिनिटं हात सोडवता आला तरी संध्याकाळी फरक कळतो. पण दुभाजकातली फट दिसली की अंगठा बटणावर हवा. उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला, कडेने चाललेली मेंढरं आणि ढाब्यावरून मागे येणारा ट्रक ही सगळी मंडळी तिथूनच उगवतात. ऑक्टोबरनंतर कारखाने सुरू झाले की पश्चिम महाराष्ट्रात रात्री क्रूझ नकोच. उसाच्या जोडट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि ताशी २० ने चाललेली ती ट्रॉली ८० वर दिसते तेव्हा विचाराला वेळ उरलेला नसतो.

घाटात आणि उतारावर बंद. साधा क्रूझ कंट्रोल फक्त रेस कमी करतो, ब्रेक लावत नाही. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना थ्रॉटल पूर्ण मिटला तरी गाडीचा वेग वाढत राहतो. त्या उतारावर झालेले अपघात वर्तमानपत्रांत वाचलेच असतील. मुंबई-गोवा रस्त्यावर सरळ तुकडे कमी आणि वळणं जास्त. तिथे मला तरी क्रूझ लावावासा वाटत नाही.

पावसात?

नाही. वेगाचा सेन्सर पुढच्या चाकाला असेल तर मागचं चाक घसरल्याचं किटला कळतच नाही. गाडीचा वेग पडतोय एवढंच त्याला दिसतं आणि ते आणखी रेस देतं. सेन्सर मागच्या चाकाला असेल तर उलट: चाक मोकळं फिरलं की वेग वाढला असं समजून रेस एकदम कापतं. ओल्या रस्त्यावर दोन्ही नकोत. पहिला थेंब काचेवर पडला की बंद करा.

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा रडारवाला क्रूझ नंतर बसवता येतो का?

घरच्या घरी तरी नाही. डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४, बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी अशा गाड्यांत तो कंपनीतून येतो, कारण त्याला ब्रेकवरही ताबा लागतो. तुमच्या ब्रेकचा ताबा बाहेरच्या डबीला देणारं किट कुणी विकत असेल तर त्याच्यापासून लांबच राहा.

बसवून कुणाकडून घ्यावं, आणि खर्च?

पट्टी आणि लॉक स्वतः बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. परदेशी इलेक्ट्रॉनिक किट पाठवणावळ, सीमाशुल्क आणि कर धरून सहज पन्नास हजारांच्या पुढे जातं, त्यामुळे मोठ्या गाडीलाच ते शोभतं. बसवायला मेकॅनिकपेक्षा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. मल्टिमीटर न काढता टेस्ट लॅम्पने वायरी टोचणारा असेल तर नमस्कार करून परत या. टेस्ट लॅम्प ओढतो तेवढ्या करंटने इसीयूचा एखादा सेन्सर जाऊ शकतो. काम चालू असताना शेजारी उभं राहा, कुठली वायर कुठे गेली याचे फोटो काढा, आणि किटला स्वतंत्र फ्यूज लावून तो सीट काढली की हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवायला सांगा.

गाडी विकताना किट काढून घेता येईल का?

लॉक आणि कपलरमध्ये बसणारी राइड-बाय-वायरची डबी काढून मूळ जोड पुन्हा लावता येतात. केबलमधली जोडडबी काढायची तर मूळ केबल जपून ठेवलेली हवी, म्हणून बसवताना काढलेली केबल भंगारात देऊ नका. तेल लावून, गुंडाळून कपाटात ठेवा. कापून जोडलेली वायरिंग तशीच राहते. ती नव्या मालकाला दाखवा आणि रिले कुठे आहे ते सांगा. किट गाडीबरोबरच द्यायचं ठरलं तर चावी देण्याआधी दोन्ही ब्रेकने आणि क्लचने ते सुटतं हे त्याच्यासमोर एकदा चालवून दाखवा.